फ्लॅटमध्ये दुरुस्ती, नूतनीकरण आणि कॉन्ट्रॅक्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, ठाणे, पुणे आणि राज्यातल्या इतर शहरांतल्या सहकारी गृहनिर्माण संस्था व अपार्टमेंटमधल्या फ्लॅटधारकांसाठी. तुमच्या संस्थेने मंजूर केलेले उपविधी आणि सर्वसाधारण सभेचे ठराव यांत तपशील थोडे वेगळे असू शकतात. काम काढण्यापूर्वी ते एकदा वाचून घ्या, सेक्रेटरींकडे प्रत मिळते.

फ्लॅट माझ्या नावावर आहे, पैसे माझे. मग घरातल्या कामाला सोसायटीची परवानगी कशाला?

भिंतीवरचा रंग, फरशी, ओटा, कपाटं हे सगळं तुमचं. पण ज्या स्लॅबवर ती फरशी बसते, ज्या बीमवर स्लॅब टेकते, भिंतीतून वर-खाली जाणारे पाइप आणि इमारतीची बाहेरची बाजू हे सगळ्यांचं. घरातलं बरंचसं काम कुठे ना कुठे या सामाईक भागाला लागतंच. आदर्श उपविधींप्रमाणे (संस्थांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे) फ्लॅटमध्ये वाढीव बांधकाम किंवा फेरबदल करायचा तर समितीची लेखी पूर्वपरवानगी लागते. जिन्यात भेटून ‘काका, उद्यापासून काम काढतोय हं’ असं सांगणं म्हणजे परवानगी नव्हे, आणि काकांनी मान डोलावली तरी नव्हे.

आमची सोसायटी नाही, अपार्टमेंट आहे. आम्हाला वेगळे नियम का?

कायदा वेगळा. सोसायटीला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० आणि उपविधी लागू होतात. अपार्टमेंटला म्हणजे कंडोमिनियमला महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम १९७० आणि नोंदवलेलं घोषणापत्र लागू होतं. पुण्यात असे अपार्टमेंट भरपूर आहेत. इथे काही बाबतींत बंधन उलट जास्त कडक आहे. इमारतीच्या मजबुतीला किंवा सुरक्षिततेला धोका येईल असं काम, किंवा बांधकामात मोठी भर घालायची असेल, तर बाकीच्या सर्व अपार्टमेंटधारकांची एकमताने संमती आधी घ्यावी लागते. बहुमत पुरत नाही. ‘अपार्टमेंट म्हणजे मालकी पूर्ण, कोणी विचारणार नाही’ या समजावर अनेकांनी हातोडा उचलला आहे आणि नंतर घोषणापत्र वाचलं आहे.

कुठल्या कामाला काय लागतं?

रंग, पॉलिश, नळ बदलणं, फर्निचर, पंखे-दिवे: सोसायटीला कळवणं आणि मजुरांची गेटवर नोंद, एवढं पुरतं.

फरशी किंवा टाइल्स फोडणं, बाथरूम-संडास, ओट्याची जागा, नवीन वायरिंग, खिडक्या, आतली भिंत: समितीची लेखी परवानगी.

महापालिकेचा भाग वेगळा. मुंबईत १८८८ च्या महापालिका अधिनियमाच्या कलम ३४२ खाली ‘टेनंटेबल रिपेअर्स’ नावाचा प्रकार आहे. गिलावा, रंग, फरशी बदलणं, तेवढ्याच मापाच्या दार-खिडक्या बदलणं अशा दुरुस्त्या त्यात येतात आणि त्यांना महापालिकेची परवानगी लागत नाही. राज्यात इतरत्र २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीतही अशा किरकोळ कामांना सूट आहे. मात्र खांब, बीम, स्लॅब, दर्शनी भाग, चटईक्षेत्र यांतलं काही बदलत असेल तर ती दुरुस्ती राहत नाही. तिथे आर्किटेक्ट किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअरमार्फत महापालिकेकडे जावं लागतं, आणि सोसायटीने हो म्हटलं तरी जावं लागतं.

अर्जाला काय जोडायचं?

कामाची यादी खोलीवार लिहा. ‘रिनोव्हेशन’ एवढ्या एका शब्दावर परवानगी मागू नका, कारण मग कमिटीलाही काय मंजूर केलं ते कळत नाही. ‘मोठ्या बाथरूमची फरशी व ७ फुटांपर्यंतच्या टाइल्स काढणे, कोबा काढून नवीन वॉटरप्रूफिंग, संडासाचं भांडं व नहाणी ट्रॅप आहे त्याच जागी’ असं लिहिलं की वाद निम्मे मिटतात. (कोबा म्हणजे फरशीखालचा विटांचे तुकडे व सिमेंटचा भराव, ट्रॅप म्हणजे जाळीखालचा पाणी साठून राहणारा, वास अडवणारा भाग.) सोबत सध्याचा आणि प्रस्तावित नकाशा (हाताने काढलेला चालतो, पण मापांसह), कॉन्ट्रॅक्टरचं नाव-पत्ता-मोबाइल, मजुरांची यादी व ओळखपत्रांच्या प्रती, काम सुरू व संपण्याच्या तारखा आणि हमीपत्र. भिंत काढायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र. घरात भाडेकरू असला तरी अर्जावर सही मालकाचीच हवी.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पुढे काही बिनसलं तर तोच कागद कामाला येतो.

कुठली भिंत पाडता येते, हे कळणार कसं?

ठोकून आवाज ऐकणारे गवंडी बरेच भेटतील. आवाजावर विसंबू नका. आधी मंजूर नकाशा आणि आरसीसी ड्रॉइंग (खांब-बीमचा आराखडा) मागा, सोसायटीकडे असायला हवं. खांब-बीमच्या सांगाड्याच्या इमारतीत साडेचार इंची विटांची भिंत बहुधा नुसती आडोशाची असते. पण जुन्या, विशेषतः भार भिंतींवर पेलणाऱ्या इमारतींत जाड भिंतच वरचा मजला उचलून धरते. नव्या उंच इमारतींत तर उलटाच घोटाळा होतो. ॲल्युमिनियम साच्यात ओतलेल्या इमारतींत (‘मिव्हान’ म्हणतात ते) जवळपास सगळ्या भिंती काँक्रीटच्या असतात आणि त्याच सांगाडा असतात. तिथे दाराची चौकट चार इंच रुंद करणंसुद्धा सळया कापणं ठरतं.

२५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्कमध्ये चार मजली इमारत कोसळून १७ माणसं गेली. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलात खांबांना हात लावल्याचा आरोप त्यात झाला. तळमजल्यावरच्या कामाला कमिटी जास्त प्रश्न विचारते ती याच कारणाने.

भिंत पाडण्याइतकंच नवीन भिंत उभी करणंही धोक्याचं, पण याकडे कोणी बघत नाही. १० फूट लांब, ९ फूट उंच, साडेचार इंची विटांची भिंत दोन्ही बाजूंच्या गिलाव्यासह दोन-सव्वादोन टन भरते. खाली बीम नसेल तर हा भार स्लॅबच्या एका रेषेवर येतो. हलके एएसी ब्लॉक घेतले तर वजन निम्म्याहून खाली येतं, जिप्सम बोर्डाचं पार्टिशन केलं तर आणखी कमी.

डिपॉझिट किती? ते बेकायदा नाही का?

रक्कम सर्वसाधारण सभेच्या ठरावाने ठरलेली असावी आणि सगळ्यांना सारखी असावी. सेक्रेटरीने माणूस बघून आकडा सांगितला तर ठरावाची प्रत मागा. डिपॉझिट परत मिळणारं असतं. त्यातून फक्त झालेलं नुकसान, तेही फोटो आणि बिलासह, कापायचं. लिफ्टचा आरसा फुटला, जिन्यातल्या पायऱ्यांचे कोपरे उडाले, राडारोडा आवारात पडून राहिला, ही नेहमीची कारणं. भरल्यावर पावती घ्या आणि काम संपल्यावर परतीचा अर्ज स्वतःहून द्या. आपणहून परत करणाऱ्या कमिट्या आहेत, पण वाट बघत बसू नका.

कॉन्ट्रॅक्टर सोसायटी सांगेल तोच घ्यायचा का?

नाही. पॅनेलवरच्यांची नावं सुचवायला हरकत नाही, सक्ती नको. अपवाद सामाईक लाइनचा. ओव्हरहेड टाकीवरून येणारा व्हॉल्व्ह बंद करणं, डक्टमधल्या उभ्या पाइपला जोड देणं, मीटररूममधलं काम हे सोसायटीच्याच प्लंबर-इलेक्ट्रिशियनने किंवा त्याच्या समोर करावं. बाहेरच्या प्लंबरने चुकीचा व्हॉल्व्ह फिरवला की अख्ख्या विंगचं पाणी सकाळी नऊला जातं.

कामाच्या वेळा काय?

बहुतेक ठिकाणी सकाळी ९ किंवा १० ते संध्याकाळी ६, दुपारी २ ते ४ ठोकाठोकी बंद, रविवारी आणि सणाला काम बंद. या वेळा सोसायटीने ठरवलेल्या असतात. कायद्याची रेघ वेगळी आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र, आणि त्या वेळेत निवासी भागात आवाज करणारी बांधकाम यंत्रं चालवता येत नाहीत.

ब्रेकर आणि कटरची कामं पहिल्या आठ-दहा दिवसांत एकत्र उरका आणि त्या तारखा नोटीस बोर्डावर लावा. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत फोडकाम काढणं कायद्याने बंद नाही, पण त्या महिन्यात परवानगी मागू नका हा आमचा सल्ला.

बाथरूमचं काम काढलं की खालच्याकडे गळती होतेच का?

होते, कारण घाई. क्रम चुकतो तो असा: टाइल्स निघाल्या, ट्रॅप उघडाच ठेवून कोब्यावर ब्रेकर चालवला, मलबा पाइपात गेला, स्लॅबला तडा गेला, तो कोणी पाहिला नाही आणि वर केमिकल लावून तीन दिवसांत फरशी बसवली.

बरोबर पद्धत वेळ घेते. सुरुवातीला खालच्या शेजाऱ्यांच्या छताचे फोटो त्यांच्यासमोर काढा, तारखेसह. नंतर ‘हा डाग आधीचाच’ आणि ‘हा तुमच्यामुळेच’ हे भांडण होत नाही. सगळे ट्रॅप चिंध्या आणि प्लास्टिकने घट्ट बंद करा. कोबा शेवटच्या दोन इंचांत हातोडी-छिन्नीनेच काढा, ब्रेकर स्लॅबजवळ नको. स्लॅब धुऊन कोरडी करून तडे बघा, पाइप जिथून स्लॅबमधून जातो तिथली जागा नॉन-श्रिंक ग्राउटने भरा. बहुतेक गळती याच पाइपाच्या गळ्याशी सुरू होते. मग वॉटरप्रूफिंगचे थर, कोपऱ्यांत गोलाई देऊन, भिंतीवर किमान फूटभर वर चढवून. शॉवरच्या बाजूला पूर्ण उंचीपर्यंत.

आता चाचणी. ट्रॅप बंद करून पाणी भरायचं, भिंतीवर पातळीची पेन्सिलने रेघ मारायची आणि ४८ तास थांबायचं. थोडं पाणी उन्हा-वाऱ्याने कमी होतं, ते चालतं. खाली डाग आला तर थर पुन्हा. ही चाचणी दोनदा करा: एकदा वॉटरप्रूफिंगनंतर आणि एकदा कोबा भरल्यावर. फरशी बसवल्यावर केलेली चाचणी उशिराची, कारण दोष सापडला तरी सगळं परत फोडावं लागतं. समितीचा एखादा सदस्य आणि खालचे शेजारी यांना पाणी भरलेलं दाखवा आणि दोन ओळींची सही घ्या.

फरशीचा उतार ट्रॅपकडे साधारण १०० ला १ तरी हवा, म्हणजे मीटरला एक सेंटिमीटर. ट्रॅपमधलं पाणी ५० मिलिमीटर खोल राहायला हवं, नाहीतर ड्रेनेजचा वास घरात येतो. नळाचे पाइप टाइलखाली गाडण्यापूर्वी दाब देऊन तपासा. मापयंत्रावरचा काटा रात्रभरात पडला तर कुठेतरी जोड सुटला आहे.

बाथरूमची जागाच बदलून ती खालच्याच्या स्वयंपाकघरावर किंवा बेडरूमवर आणायची असेल, तर नकाराची तयारी ठेवून विचारा.

गळती झालीच तर खर्च कुणाचा?

पाणी कुठून येतं त्यावर. आदर्श उपविधींत (२०१४ च्या मसुद्यात क्रमांक ६८) सोसायटीने करायच्या दुरुस्त्यांची यादी आहे: गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाण्याच्या व ड्रेनेजच्या लाइन, पावसाच्या पाण्याची गळती. वरच्या मजल्यावर गच्चीतून पाणी झिरपून छताचा गिलावा पडला तर तो आणि तिथला रंगही सोसायटीच्या खर्चात. फ्लॅटमधल्या संडास, बाथरूम, सिंकमधून होणारी गळती संबंधित फ्लॅटधारकाच्या खर्चात.

भांडण असतं ते स्रोत ठरवताना. सोपी तपासणी: वरच्या बाथरूमचा वापर दोन दिवस बंद ठेवा. डाग सुकायला लागला तर आतलं पाणी. वापर बंद असूनही आणखी वरच्या मजल्यावर कोणी पाणी सोडलं की डाग वाढतो तर डक्टमधली लाइन. फक्त पावसाळ्यात दिसतो तर बाहेरची भिंत किंवा गच्ची. एवढ्यानेही न उलगडलं तर सिंकमध्ये रंगाचं पाणी सोडून बघा. प्लंबरला ही युक्ती सांगावी लागत नाही, फक्त त्यासाठी थांबायला लावावं लागतं.

राडारोडा कुठे टाकायचा? लिफ्ट वापरता येते का?

आधी किती निघतो ते पाहा, म्हणजे प्रश्नाचं वजन कळेल. ७ बाय ५ फुटांचं बाथरूम, ७ फुटांपर्यंत टाइल्स, खाली फूटभर कोबा. भिंतीच्या टाइल्स मसाल्यासकट ८००-९०० किलो, फरशी व तिचा मसाला साडेतीनशेच्या आसपास, कोबा दीड-पावणेदोन टन. एकूण सुमारे ३ टन, म्हणजे २५ किलोच्या १२० गोण्या. फक्त एका बाथरूमच्या.

आठ माणसांच्या लिफ्टची क्षमता ५४४ किलो असते. एका खेपेला १० गोण्या आणि एक मजूर, त्याहून जास्त नको. फरशीवर व बाजूंना प्लायवूड लावून, गोणीचं तोंड बांधून, गर्दीची वेळ टाळून. सर्व्हिस लिफ्ट असेल तर तीच. सुटा मलबा, ओल्या मसाल्याची घमेली आणि लांब पाइप लिफ्टमधून नेऊ नयेत. दाराच्या खाचेत वाळू गेली की लिफ्ट बंद पडते, आणि मेकॅनिकचं बिल तुमच्या डिपॉझिटमधून जातं.

घरात ढीग साठवू नका. राहत्या खोलीची स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो चल भार (माणसं, सामान यांचं वजन) धरून आखतात. सिमेंटच्या १० गोण्या एकावर एक रचल्या तर अर्ध्या चौरस मीटरहून कमी जागेत ५०० किलो होतात. गोण्या दोन-दोनच्या थरात, भिंतीलगत पसरा. बाल्कनीत वाळू अजिबात नको, जिन्यात आणि रेफ्युज एरियात (आगीच्या वेळी थांबण्याच्या मोकळ्या जागेत) काहीच नको.

राडारोडा घरगुती कचऱ्यात, नाल्यात किंवा खाडीकाठी टाकता येत नाही. मुंबईत महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे. इतरत्र प्रभाग कार्यालयात चौकशी करा. ‘टेम्पोवाला बघून घेईल’ हे उत्तर कॉन्ट्रॅक्टरकडून स्वीकारू नका. कुठे नेलं त्याची पावती मागा.

वीज, गॅस आणि स्प्रिंकलरचं काय?

वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच. दिव्यांना १.५, सोळा अँपिअरच्या सॉकेटला २.५ आणि एसीला ४ चौरस मिलिमीटरची वायर, प्रत्येक एसीला व गिझरला स्वतंत्र एमसीबी, आणि सगळ्याच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). एसी वाढणार असतील तर वीज कंपनीकडे मंजूर भार वाढवून घ्या. मीटरपासून येणारी केबल जुनीच राहिली तर वितळते ती तीच. वायरसाठी झिरी मारताना बीम-खांबात कटर घालायचा नाही. साडेचार इंची भिंतीत लांब आडवी झिरीही टाळा.

पाइप गॅसची लाइन प्लंबरने हलवायची नाही. गॅस कंपनीला अर्ज करा, त्यांचा माणूस येऊन बदलतो. ही लाइन टाइलमागे किंवा कपाटात बंद करू नका. गळती झाली तर वास येण्यापूर्वीच गॅस आत साठतो.

उंच इमारतीत छताला स्प्रिंकलर असतील तर पीओपीच्या वर ते झाकून टाकण्याचा मोह पुष्कळांना होतो. फॉल्स सीलिंग करताना त्याचं तोंड खाली आणावं लागतं, आणि त्यासाठी त्या मजल्याची लाइन सोसायटीच्या फायर एजन्सीकडून रिकामी करून घ्यावी लागते. सुताराने स्प्रिंकलरचं तोंड फिरवून बघितलं की घर भिजतं.

बाल्कनी बंद करणं, बाहेर येणारं ग्रिल, एसीचं युनिट?

बाहेरची भिंत सामाईक, म्हणून तीनही गोष्टींना परवानगी. ग्रिलला आतून उघडणारी झडप ठेवा, आगीच्या वेळी तीच वाट. एसीचं युनिट ठरलेल्या जागीच आणि पाण्याची नळी ड्रेनेजला. खालच्या खिडकीवर थेंब टपकत राहिले की अर्धी सोसायटी बोलेनाशी होते.

मजुराला अपघात झाला तर?

कॉन्ट्रॅक्टरकडे कामगार नुकसानभरपाईचा विमा आहे का, ते काम सुरू करण्यापूर्वी विचारा आणि पॉलिसीची प्रत घ्या. मुदत तुमच्या कामाच्या तारखांपर्यंत आहे का तेही बघा. खिडकीबाहेर लटकून काम असेल तर सेफ्टी बेल्ट आणि बांधायची पक्की जागा हवीच. मजुरांनी रात्री फ्लॅटमध्ये राहायचं की नाही, ते सोसायटीला आधी विचारा. १४ वर्षांखालचं मूल कामावर दिसलं तर काम थांबवा. आणि मजुरांना संडास वापरायला द्या. ‘बाहेर जा’ म्हटलं की डक्ट घाण होतो.

कॉन्ट्रॅक्टरशी लेखी काय ठरवायचं?

दर कशाचा ते: नुसती मजुरी की मालासकट, चौरस फुटाने की रनिंग फुटाने, कापाकापीतली टाइल धरून की सोडून. जीएसटी दरात आहे की वर, कारण अशा कामावर तो १८ टक्के असतो. वॉटरप्रूफिंगच्या मालाचं नाव आणि थरांची संख्या. राडारोडा नेण्याचा खर्च कुणाचा, लिफ्टचं नुकसान कुणाचं. पैसे टप्प्याने: आगाऊ कमी, पाण्याची ४८ तासांची चाचणी उतरल्यावर एक हप्ता, आणि पाच ते दहा टक्के एक पावसाळा उलटेपर्यंत राखून. हे शेवटचं कॉन्ट्रॅक्टरला आवडत नाही. जो लगेच तयार होतो, त्याला आपल्या कामाची खात्री असते.

इमारत नवी आहे. बिल्डरची जबाबदारी राहते का?

रेरा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातले किंवा कारागिरीतले दोष दाखवले तर विकासकाने ते विनामूल्य दुरुस्त करायचे असतात. पण तुम्ही स्वतः बाथरूम फोडलं आणि नंतर गळलं, तर विकासक बोट तुमच्याकडे दाखवणार. म्हणून दोष असेल तर आधी त्याला लेखी कळवा, फोटो काढा आणि मगच तुमचा माणूस आत घ्या.

कमिटी परवानगी अडवून धरते. किंवा उलट, शेजाऱ्याने न विचारता भिंत पाडली. काय करायचं?

नकार लेखी आणि कारणासह मागा. कारण तांत्रिक असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल जोडून पुन्हा अर्ज करा. कारणच नसेल तर विषय सर्वसाधारण सभेत न्या, मग उपनिबंधक. सभासद आणि संस्था यांच्यातल्या वादांसाठी कलम ९१ खाली सहकार न्यायालय आहे. वैताग आला म्हणून काम सुरू करून टाकू नका, तिथून पुढे चूक तुमची धरली जाते.

शेजाऱ्याच्या बाबतीत वेळ महत्त्वाचा. त्याच दिवशी सेक्रेटरींना लेखी कळवा, फोटो जोडा, काम थांबवण्याची नोटीस द्यायला लावा. खांब-बीमला हात लागला असेल तर सोसायटीच्या उत्तराची वाट न बघता महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात तक्रार द्या. सोसायटीने मात्र चिडून त्या फ्लॅटचं पाणी तोडू नये, तो मार्ग कायद्यात नाही.

काम संपलं. आता?

जुन्या-नव्या पाइप आणि वायरींचे, टाइल बसण्यापूर्वी काढलेले फोटो माप-पट्टीसह जपून ठेवा, पुढचा ड्रिल कुठे मारायचा ते त्यांतच कळतं. भिंत हलवली असेल तर बदललेला नकाशा सोसायटीत द्या. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायचं असतं, त्या वेळी इंजिनिअर हाच नकाशा मागतो. सेक्रेटरींना घर दाखवा, जिना आणि लिफ्ट दोघांनी मिळून पाहा, आणि डिपॉझिटचा अर्ज त्याच दिवशी त्यांच्या हातात द्या.